मासा मोठा, पण बोट कुणाची?

मासेमारीवरच्या साहित्याचा विषय निघाला की सगळे जाऊन थांबतात हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'तल्या म्हाताऱ्यापाशी. पुलंनी १९६५ सालीच 'एका कोळियाने' हा त्याचा अनुवाद केला, त्यामुळे हा म्हातारा सांतियागो आपल्याला घरचाच वाटतो. ८४ दिवस गळाला काही नाही, मग होडीपेक्षा दोन फूट लांब मार्लिन मासा, मग शार्क. माणसाची जिद्द वगैरे.

मला त्यातली भलतीच जागा आवडते. मासा मारून झाल्यावर म्हातारा हिशेब करायला लागतो. वजन दीड हजार पौंडांच्या वर, साफ करून दोन तृतीयांश उरेल, पौंडाला तीस सेंट... आणि म्हणतो, याला पेन्सिल लागेल! जिद्दीवर भाषणं ठोकणारे हे नेमकं गाळतात.

माणिक बंदोपाध्यायांच्या 'पद्मा नदीर माझी' या बंगाली कादंबरीत (१९३६) हा हिशेब सुरुवातीलाच येतो. भर पावसाळ्यात गरीब मासेमार कुबेर रात्रभर हिलसा मासे धरतो. होडी-जाळं धनंजयचं, म्हणून निम्मे मासे त्याचे. उरलेल्या निम्म्यात कुबेर आणि त्याचा जोडीदार गणेश. वर धनंजय मोजताना लबाडी करतो ती वेगळीच.

तकळींच्या 'चेम्मीन' या मल्याळी कादंबरीतलं (१९५६) करुत्तम्मा-परीकुट्टीचं प्रेम सगळ्यांना आठवतं. त्या प्रेमाच्या आड करुत्तम्माच्या बापाची बोट-जाळ्यांची हावही येते, हे कुणी बोलत नाही. परीकुट्टीकडून त्यासाठी केलेली उसनवारी बापानं वेळेवर फेडली नाही. (बायको किनाऱ्यावर पतिव्रता राहिली तरच नवरा समुद्रात सुखरूप, ही समजूत कादंबरी शेवटी खरी करून दाखवते. ते मला अजूनही खटकतं.)

आणि बंगाली कादंबरीकार अद्वैत मल्लबर्मन. स्वतः मालो, म्हणजे मासेमार समाजातले. १९५१ मध्ये क्षयानं गेले, 'तिताश एकटि नदीर नाम' पुस्तक म्हणून आलं १९५६ मध्ये. त्यात माशाशी झुंज नाहीच. नदी गाळानं भरते, वर आलेली जमीन शेतकरी बळकावतात, मालोंची वस्ती विस्कटते. जाळी आहेत, टाकायला पाणी नाही. माशाशी युद्ध ही मला तरी हौशी गळवाल्यांची कल्पना वाटते. हेमिंग्वेकडे हौसेनं मासे धरायला 'पिलार' नावाची स्वतःची बोट होती.

आपल्याकडे कोळीगीतं उदंड. पण डिझेलचा खर्च, दलालाची उचल, खलाशाचा वाटा, लिलावात बोली लावणारी कोळीण त्यांत क्वचितच भेटते. कोळीवाड्यातल्याच कुणी लिहिलेली, नाखवा नाचण्याऐवजी वाटे पाडत बसलाय अशी मराठी कादंबरी ठाऊक असेल तर खाली नाव टाका. विकत घेऊन वाचीन.