पाव किलो कुंदा, खोक्यासकट

शेजारच्यांच्या पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे, ८४ सूर लावून दिल्याची मजुरी म्हणून परवाच्या रविवारी मला पाव किलो कुंदा मिळाला. खोक्यासकट पाव किलो. शेजारचे काका तो हातात ठेवून म्हणाले, "असू दे, तुम्हाला ह्याची आवडच आहे म्हणून बरं." कुंद्याबद्दल माझी तक्रार नाही. दूध आटून चांगला तपकिरी झालेला, खमंग होता. तक्रार त्याच्यासोबत आलेल्या वाक्याबद्दल आहे, आणि ते अजून पचलेलं नाही.

पोटासाठी मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात बसतो. ५० हजारांवरचा माल फाटकाबाहेर काढायचा तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागतं. तोच माल शिनोळीला जायचा असेल, म्हणजे जेमतेम हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, तर राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी सोडून परराज्याचा आयजीएसटी लावायचा. गाडी वाटेत बदलली तर नवा नंबर बिलावर चढवायचा, नाहीतर तपासणीत माल अडकून बसतो आणि ड्रायव्हर मला फोनवर कन्नडमध्ये ऐकवतो. "तुम्हाला ई-वे बिलाची आवड आहे काय ओ?" असं आजवर मला कुणी विचारलेलं नाही. आवड नसणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं आहे, आणि म्हणूनच बहुधा पगार एक तारखेला होतो.

आता पेटीचं बघा. साडेतीन सप्तकं म्हणजे ४२ पट्ट्या. सुरांच्या ओळी दोन, खालच्या आवाजाची खर्ज आणि त्यावरची नर, म्हणजे ८४ पितळी सूर. सूर म्हणजे इथं हवेनं थरथरणारी पितळी जीभ. सुरामागे पाच मिनिटं धरली तरी सात तास, आणि भाता यात धरलेलाच नाही. भाता सगळ्यात आधी. हवेची वाट उघडणाऱ्या खुंट्या बंद ठेवून तो भरायचा आणि हात सोडायचा. लगेच बसला तर बहुतेक कोपऱ्याचं कातडं गेलेलं असतं. खुंट्या उघडल्यावर एकही पट्टी न दाबता फुसफुस ऐकू आली तर पट्टीखालची झाकणी नीट बसत नाही. कसर तिचा नमदा, म्हणजे लोकरीचा थर, खाते. एखादा सूर बोलतच नसेल तर घाबरायचं कारण नाही, जिभेत कचरा अडकलेला असतो. पातळ कागदाची पट्टी खालून सरकवली की बोलतो. या पेटीच्या पट्ट्या मात्र वेगळ्याच कारणानं चिकटल्या होत्या. बेळगावच्या पावसात लाकूड फुगतं, पट्ट्या अडतात, त्याला उपाय म्हणजे पेटी कोरड्या खोलीत ठेवून चार दिवस थांबणं. उन्हात ठेवली तर सांधे उकलतात. आणि तेल? तेल तर कधीच नाही, त्यावर धूळ बसून चिकटा तयार होतो. इथं कुणीतरी खोबरेल सोडलेलं होतं, आणि सढळ हातानं.

मग मुख्य काम, कानशीचं. सूर उतरला असेल तर जिभेचं मोकळं टोक घासायचं. तिथलं वजन कमी झालं की सूर चढतो. चढला असेल तर मुळाशी, रिव्हेटजवळ घासायचं. तिथला ताठरपणा कमी झाला की उतरतो. दोन-तीन हलके हात, बस्स. गेलेलं पितळ परत लावता येत नाही. शिवाय घासताना पितळ तापतं आणि तापलेला सूर किंचित खाली लागतो, म्हणून लगेच पारखायचा नाही, निवू द्यायचा. दोन सूर एकदम वाजवले की त्यांच्यात जेवढा फरक, तेवढ्या वेळा सेकंदाला आवाज डोलतो. एक सेकंदाला ४४० कंपनांवर आणि दुसरा ४४२ वर असेल तर सेकंदाला दोनदा. हा डोल थांबेपर्यंत घासत राहायचं. तो ऐकायला एकच गोष्ट लागते, शांतता.

शांततेच्या जागी काकांचे साडू आले होते. निपाणीचे. ३६ वर्षं बँकेत काढून निवृत्त झालेले. खुर्ची ओढून ते माझ्या उजव्या कानापाशी बसले.

"काय करालाय ओ?"

"सूर लावालोय."

"नोकरी गेली काय?"

"नाही ओ, नोकरी आहे. हे आपलं आवड म्हणून."

"आवड!" त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी ३६ वर्षं बँकेत होतो. एक दिवस आवडलं न्हाई बघा. एक दिवस!" हे सांगताना त्यांच्या तोंडावर परमवीरचक्र मिळाल्याचं समाधान होतं. "म्हणून तर पेन्शन. न आवडणाऱ्या कामाचे पैसे असतात ते. आवडलं असतं तर कोण कशाला देईल?"

"मग ह्या कामाचे?"

"ह्याचे तुम्ही द्यायला पाहिजेत."

"मी?"

"सिनेमाला जाताना तिकीट काढताय का न्हाई?"

"काढतो."

"का काढताय? मजा येतीय म्हणून. मग आत्ता मजा कुणाला यालीय? तुम्हाला. पेटी कुणाची? ह्यांची. चहा कुणाचा? ह्यांचाच. लाईटबिल?" त्यांनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं, पंख्याचे वॅट मोजत असावेत. "मी म्हणत न्हाई द्या म्हणून. पण हिशेब तो हिशेब."

याच आवाजात यांनी किती जणांची कर्जं नाकारली असतील, असा विचार करत मी कानस उचलली. तेवढ्यात शिट्टी सुरू झाली.

"मला शिट्टीची लई आवड," साडू म्हणाले. "वडील म्हणाले, शिट्टीवर पोट भरतंय काय? मग बँकेत लागलो." पुढचा दीड तास त्यांनी ३६ वर्षांची शिट्टी भरून काढली. माणसाची शिट्टी एका जागी राहत नाही. श्वास आणि ओठ जरा हलले की सूर सरकतो. मी मध्य षड्ज जुळवत होतो आणि ते त्याच्या अवतीभवती हिंडत होते. डोल ऐकू येत होता, पण तो दोन पितळी सुरांमधला की एक पितळी सूर आणि बँकेतला एक माजी अधिकारी यांच्यामधला, हे कळायला मार्ग नव्हता.

मधे थांबून त्यांनी मोबाईल काढला. "ह्याच्यात ॲप हाय. हिरवं आलं की झालं! एवढं कशाला कान लावायला पाहिजे?" गांधार वाजवल्यावर लाल आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे थकबाकीदाराकडे पाहावं तसं पाहिलं. आता यांना काय सांगणार? ॲप सप्तकाचे १२ सारखे तुकडे करतं, १०० सेंटचा एक. सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप. त्या वाटणीत शुद्ध गांधार ४०० वर येतो. नीट लागलेल्या तानपुऱ्यातून आपसूक ऐकू येतो तो ३८६ च्या आसपास. गवयाला हवा असलेला गांधार लावला की ॲप लाल होणारच. ही, आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पेटीतून निघत नाही, अशा तक्रारींपायी आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं आणि ती बंदी १९७१ पर्यंत चालली. म्हणजे सरकारी खात्याला ज्या १४ सेंटांनी तीन दशकं छळलं, ते साडूंना एका हिरव्या दिव्यात मिटवायचे होते.

"आणि खोबरेल कुणी घातलं हो ह्यात?"

"मीच की!" साडू खूश झाले. "गेल्या पावसाळ्यात. अडकत होत्या पट्ट्या. बघा, माझी बी आवड."

विठ्ठलराव कोरगावकर आणि रामभाऊ विजापुरे यांनी पेटी वाजवली आणि शिकवली, ते हेच गाव. कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत. भाषणात हे अभिमानानं सांगायचं आणि घरी येऊन पोराच्या अर्जावर कॉम्प्युटर सायन्स लिहायचं, ही इथली रीत. तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालयच १९९८ पासून बेळगावात आहे, लांब कशाला जायचं? पोरगं बेंगळुरूला जातं. मग कंपनीत कुणीतरी व्याख्याता येऊन त्याला सांगतो की आपली आवड हाच व्यवसाय करा. व्याख्यात्याला त्याच्या आवडीचं मानधन मिळतं, हे पोराच्या लक्षात येत नाही.

आणि ज्यांनी खरोखरच व्यवसाय केला त्यांचं काय? गल्लीतल्या दुकानात बसून पेट्या दुरुस्त करणाऱ्याशीही "नुसतं घासायचंच तर आहे" म्हणत लोक घासाघीस करतात. त्याला गुजरातेतल्या पालीताण्याहून सूर मागवावे लागतात, कातडं विकत आणावं लागतं, दुकानाचं भाडं असतं. वर गिऱ्हाईक दाखला देतं, आमच्या शेजारचे ते फाउंड्रीतले फुकट करून देतात. माझी हौस अशी त्याच्या दराला कात्री लावते. त्याच्या मुलानं कानस हातात धरायची कशाला? ई-वे बिल फुकट करून देणारा हौशी शेजारी कुणालाच कसा नसतो, हे मात्र मला कोडं आहे. तसा असता तर माझाही पगार गेला असता.

काल साडूंचा फोन आला. नातवाची गिटार. दोन वर्षं पलंगाखाली होती, तारा गंजल्यात, मान वाकलीय, खुंट्या फिरत नाहीत.

"तुम्हाला गिटारचं बी आवडत असेलच की ओ?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. "डोकं उठतं माझं. तारांचा तर तिटकाराच आहे."

पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. रविवारी हवी होती तशी. मग साडू एकदम आदरानं म्हणाले,

"असं काय? मग किती घ्याल?"