उलटीवरून भविष्य

गरोदर बाईची उलटी ही तिची खासगी बाब नसते. मी बेसिनवर वाकले रे वाकले, की दाराबाहेर आत्याबाई हजर. पाठीवरून हात फिरवायला आल्या असतील, असं पहिल्यांदा वाटलं. त्या चौकशीला आल्या होत्या.

"कोरडी होती की पित्त पडलं?"

"पित्त."

"मग मुलगी."

समोरच्या काकूंना हे मंजूर नव्हतं. त्यांच्या थोरल्याच्या वेळी पोटात पाणी ठरत नव्हतं आणि तो थोरला आज सहा फुटी गडी आहे. त्यांचं शास्त्र वासावर चालायचं. फोडणीच्या वासानं मळमळलं तर मुलगी, उदबत्तीच्या वासानं मळमळलं तर मुलगा. मला दोन्हींनी मळमळत होतं. "जुळं असेल," आत्याबाई म्हणाल्या.

बरं, मला संध्याकाळीही उलट्या व्हायच्या. पण त्या धरायच्या नसतात म्हणे. सकाळचीच खरी.

माझ्या पोटात काही राहतंय का, हा प्रश्न पडला तो फक्त स्वयंपाकाच्या मावशींना. त्यांनी साळीच्या लाह्या डब्यात भरून उशाशी ठेवल्या. "उठायच्या आधी पडल्यापडल्याच चार तोंडात टाक ताई," एवढंच बोलल्या. मुलगा-मुलगी काही नाही. त्यांचा पगार मी त्याच महिन्यात वाढवला.

दवाखान्यात तरी सुटका होईल असं वाटलं होतं. तिथे भिंतीवर मोठी पाटी: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. महाराष्ट्रानं असा कायदा १९८८ सालीच केला, देशाचा १९९४ चा. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी नुसती खूण केली तरी तीन वर्षांपर्यंत तुरुंग. आणि त्याच पाटीखालच्या बाकावर सुनांना घेऊन आलेल्या सासवा चेहऱ्याचं तेज, पोटाचा आकार आणि उलट्या यांवरून धडाधड निदान करत होत्या. फी नाही, नोंदणी नाही, मशीनसुद्धा नाही.

रात्री झोप येत नव्हती म्हणून मी मोबाइलवर वाचत बसले. आत्याबाई अगदीच हवेत बोलत नव्हत्या, हे कळल्यावर मला आणखीच मळमळलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनचा एक अभ्यास आला होता. पहिल्या तिमाहीत उलट्यांमुळे इस्पितळात दाखल व्हावं लागलेल्या बायकांना शंभरात सुमारे छप्पन्न मुली झाल्या होत्या. म्हणजे सलाइन लावून घेण्याइतकं आडवं पडलं, तरी चव्वेचाळीस मुलगे उरतातच. माझ्यासारखं साधं मळमळणं-ओकणं तर शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणींना होतं. त्यावरून काय कप्पाळ ओळखणार? ब्रिटनच्या राजघराण्यातल्या केटला तिन्ही वेळा भयंकर त्रास झाला. झाले जॉर्ज, शार्लट आणि लुई. आत्याबाईंचं शास्त्र तिथे तिनात एकदा पास.

आणि मुळात मुलगा की मुलगी हे बापाकडून एक्स गुणसूत्र आलं की वाय, यावर ठरतं. लक्षणं बघायचीच असतील तर नवऱ्याला वाकवा बेसिनवर. तो मात्र मिसळ हाणत होता.

सकाळी मी आत्याबाईंना २०२३ चं संशोधन ऐकवलं. जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक गर्भाकडून आईच्या रक्तात येतं. आधीपासून त्याची सवय नसलेल्या बाईला त्रास जास्त होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे बाळामुळेच ना? मी वेगळं काय सांगतेय?"

पुढे डोहाळजेवणात झाकलेल्या वाट्यांतून मी पेढा उचलला तेव्हा काकूंनी अशा काही टाळ्या पिटल्या, की जणू निवडणूक जिंकली.

मुलगी झाली. आत्याबाईंनी सगळ्या गोतावळ्याला फोन केले, त्यात बाळाच्या आधी पित्ताचा उल्लेख होता. काकूंचं काय होणार, अशी मला काळजी होती. त्या ड्रायफ्रूटचे लाडू घेऊन हसतमुखानं आल्या.

"अगं, मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मुद्दाम उलटं सांगत होते, दृष्ट लागू नये म्हणून."

तोवर आत्याबाईंनी बाळाला मांडीवर पालथं घालून मानेवरची लव तपासायला घेतली होती.

"हिच्या पाठीवर भाऊ आहे हो."

"बघू," म्हणत काकूंनी पदरानं चष्मा पुसला. "छे! बहीण."