मोहरीबीबीची फोडणी

भावी वकीलसाहेबांनो, फायनल तोंडावर आली म्हणून घाबरू नका. गेला आठवडाभर मी सांगलीतल्या माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर, प्रिलिमचे चाळीस पेपर तपासतोय. यशाचा मार्ग मला आता तोंडपाठ झालाय. फुकट सांगतो.

पहिलं म्हणजे बेअर अ‍ॅक्टला, म्हणजे कायद्याच्या मूळ पुस्तकाला, शिवायचं नाही. कायदा वाचून कायदा कळतो ही जुन्या लोकांनी उठवलेली आवई आहे. कॉलेजसमोर झेरॉक्सवाला काय उगाच बसलाय?

आदल्या रात्री अकरानंतर ग्रुपवर 'आयएमपी टाका रे' असा मेसेज करावा. येतील ते पाच प्रश्न घोकावेत. सहावा आला की 'आउट ऑफ सिलॅबस' म्हणून बोंब मारावी.

पुरवण्या दाबून घ्या. पेपर आम्ही तराजूत टाकूनच तपासतो.

खुनाला ३०२च लिहा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ला लागू झाली, खुनाची शिक्षा कलम १०३मध्ये गेली, हे तुमच्या नोट्सना कळेपर्यंत तुम्ही कशाला घाई करताय?

आता केस लॉ. मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल (इंग्रजांच्या काळातलं शेवटचं अपील कोर्ट), १९०३. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल. पहिल्या वर्षाला आम्ही घसा फोडून शिकवतो ती केस. झेरॉक्सच्या नोट्समध्ये कुणीतरी टाइप करताना तिची 'मोहरीबीबी' केली आणि साल टाकलं १९३०. चाळीसपैकी चौदा पेपरांत मोहरीबीबी, १९३०! एकीने तर पट्टी लावून लाल पेनाने खाली दोन रेघा मारल्यात. आता जिरं आणि हिंग तेवढं राहिलं. बरं, प्रश्न काय होता? सतरा वर्षांच्या पोराने वय खोटं सांगून सेकंडहँड गाडीसाठी पन्नास हजार उसने घेतले, सावकाराने करारावर बोट ठेवून वसुलीचा दावा लावला, दावा टिकेल का? चौदाही जणांनी धर्मोदासाचं गहाणखत, वीस हजारांचं कर्ज, सावकाराचा वकील, अशी तीन-तीन पानं कथा सांगितली आणि पेन ठेवलं. गाडीवाल्या पोराचं नाव नाही. एकाने शेवटी लिहिलंय, 'सबब न्यायालय योग्य तो निर्णय देईल.' अरे, तो निर्णयच तुला विचारलाय! न्यायालयाला विचारायचं असतं तर मी तुला पेपर कशाला दिला असता?

करार कुणाला करता येतो ते सांगणारं करार कायद्याचं कलम ११ उघडून बघा. चार ओळी आहेत. चार! दोघांच्या मिसळीच्या पैशात ते पुस्तक येतं. हकीकत वाचा, वादाचा मुद्दा काढा, कलम लिहा, ते त्या हकिकतीला लावून दाखवा आणि दावा टिकतो की नाही ते एका वाक्यात सांगून टाका. वर्षभर फळ्यावर हेच लिहितोय. तेव्हा मागच्या बाकावर भडंगाची पुडी फिरत असते, मला दिसत नाही असं समजू नका.

मुंबई लांब, म्हणून आपल्याकडच्या वकिलांना हायकोर्ट लाभत नाही, हे रडगाणं आम्ही वर्षानुवर्षं गायलं. १८ ऑगस्ट २०२५ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, आता ती सबबही गेली. उद्या जतचा एखादा म्हातारा जमिनीचे कागद पिशवीत घालून तुमच्यापुढे येऊन बसेल. तो तुम्हाला आयएमपी सांगून येणार नाही. त्यालाही 'योग्य तो निर्णय होईल' असंच सांगणार आहात? आणि फी घेणार?

सोमवारी पेपर वाटतोय. 'सर, दोन मार्क' म्हणून कुणी घरी यायचं नाही. त्या चौदा जणांनी येताना बेअर अ‍ॅक्ट आणायचा. झेरॉक्स नव्हे, पुस्तक.