तुरळक म्हणजे नक्की कुठं?

सांगलीतली एप्रिलची संध्याकाळ. दिवसभर भट्टी, वारा पडलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. कट्ट्यावर आम्ही नेहमीचे पाच जण. बापूंनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून अंदाज वाचून दाखवला, आणि तिथून जे पेटलं ते आभाळानं उठवेपर्यंत विझलं नाही.

"मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता. आता ह्यात मला कळलं काय? मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारपास्नं कोल्हापूरपर्यंत. एवढ्या मुलखात कुठंतरी पडंल, हे सांगायला हवामान खातं कशाला पायजे? आमची म्हातारी सांगायची की."

बापूंचा ताव उगाच नव्हता. तासगावच्या बाजूला त्यांचं बेदाण्याचं शेड आहे. जाळ्यांवर थरावर थर द्राक्षं पसरलेली, वाळायला पंधरवडा लागतो. त्यातल्या बाराव्या दिवशी भिजली की हिरवा माल काळा पडतो आणि भाव मातीत जातो.

मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेत, पण फळा अजून डोक्यात आहे. म्हणाले, "बापू, तुरळक ही पळवाट न्हवं, ते माप आहे. विभागात पाऊस मोजणारी जेवढी केंद्रं, त्यातल्या फार तर पाव केंद्रांवर पडणार असंल तर तुरळक. पाव ते निम्म्यांवर पडणार असंल तर काही ठिकाणी. निम्म्याच्या वर गेलं की बऱ्याच ठिकाणी, आणि पाऊण हिश्श्याच्या वर म्हणजे बहुतांश. तेपण पाऊस म्हणजे दिवसात अडीच मिलिमीटर तरी पडायला पायजे. चार थेंब मोजत न्हाईत."

मला हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी तुरळकचा अर्थ थोडासा पाऊस असाच घेत होतो. तो शब्द पाऊस किती पडेल हे सांगतच नाही, किती जागी पडेल ते सांगतो. म्हणजे तुरळक ठिकाणी पडणारा पाऊस एखाद्याचं शेड आडवं करू शकतो, आणि अंदाज तरी बरोबरच. टीव्हीवाले हे कधी सांगत नाहीत, नुसता नकाशा रंगवून मागं ढगांचा आवाज लावतात.

"माझ्या मोबाइलात पावसाचे चाळीस टक्के दाखवायलंय," अभ्या मध्येच म्हणाला. "म्हणजे चाळीस टक्के सांगली भिजणार."

"खुळ्या, चाळीस टक्के वेळ पडणार," दाजी.

"दोघंबी चुकलाय," मास्तर म्हणाले. "आजच्यासारखं आभाळ असलेले दहा दिवस घे. त्यातल्या चार दिवशी तुझ्या ठिकाणी पाऊस येतो, सहा दिवशी येत न्हाई. आज चारातला का सहातला, ते त्या आकड्याला माहीत नसतं."

"मग आकडा काय चाटायचाय?" बापू.

दाजींनी संधी साधून पंचांग काढलं. खिशातून नव्हे, तोंडातून. पाडव्याला संवत्सरफल ऐकलेलं, यंदा मेघ कुठले ते पाठ. पण बापूंनीच त्यांना अडवलं, "दाजी, तुमची बेडूक-म्हैस-हत्ती ही वाहनं मृगापास्नं पुढं. एप्रिलला वाहन कुठलं?" दाजी म्हणाले, रोहिणीच्या आधी पडतो त्याला पाऊस म्हणतच नाहीत, तो वळीव. म्हणजे पंचांगही सुटलं आणि दाजीही.

मग अभ्यानं महिन्याच्या अंदाजाचं काढलं. मार्च सरता सरता हवामान विभाग एप्रिलच्या पावसाचा होरा देतो, त्यात सरासरीपेक्षा जास्त म्हटलं की बागायतदारांच्या छातीत धस्स होतं. इथं मात्र मी तोंड उघडलं. आपल्याकडं उन्हाळ्यातल्या पावसाची सरासरीच मुळात इवलीशी. तापून निघालेल्या दुपारनंतरचा एकच दांडगा वळीव महिन्याची सरासरी तासाभरात पार करतो. बाकीचे एकोणतीस दिवस कोरडे गेले तरी महिना 'सरासरीपेक्षा जास्त'च. उलट 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात गारांनी शिवारं झोपवली, ती थोड्या दिवसांत. महिन्याच्या होऱ्यावरून शेडवर प्लास्टिकचा कागद कधी ओढायचा ते ठरत नाही.

"कागदाचं सोपं वाटतंय का तुम्हाला?" बापू आता खरे भडकले. "रोज पिवळा इशारा, रोज कागद ओढला तर आत वारा खेळंल का? कोंदटलं की माल वाळत न्हाई, बुरशी धरती. ओढला आणि पाऊस न्हाई आला तरी नुकसान, न्हाई ओढला आणि आला तर सत्यानाश. तुमचा अंदाज चुकला तर तुमचं काय जातंय?"

यावर मास्तरांकडंही लगेच उत्तर नव्हतं. माझ्या मते सगळ्या चर्चेत हेच खरं बोललं गेलं. लाल इशाऱ्याला काय करायचं ते कळतं. पिवळा म्हणजे नुसतं लक्ष ठेवा, आणि आमचा उन्हाळा सगळा पिवळ्यातच जातो.

मास्तर थोड्या वेळानं म्हणाले, "सकाळी जिल्ह्याचा अंदाज बघायचा, तो फक्त गडी शेडवर थांबवायचा का न्हाई एवढ्यापुरता. कागद ओढायचा तो तीन तासांच्या इशाऱ्यावर. तो रडार बघून देतात, ढग तयार झालेला असतो तेव्हा. त्याआधी कुठला ढग वर चढणार ते कुणीच सांगू शकत न्हाई. खालनं तापलेली हवा, समुद्रावरनं आलेली ओल, आणि वर वाऱ्यांची गाठ पडलेली. मसाला सगळीकडं तोच, उकळी कुठं फुटंल ती फुटंल. पाण्याच्या पातेल्यात पहिला बुडबुडा कुठनं येणार ते सांग बघू."

एवढ्यात उकाडा एकदम थांबला. मिरजेकडून गार वारा अंगावर आला, धूळ आणि पाचोळा घेऊन. अभ्या खूश, मास्तर उठून उभे राहिले. "हा ढगातनंच सांडलेला वारा आहे. वरचा पाऊस खाली येताना वाळतो, हवा गार होऊन जड होती आन् धाडकन खाली येती, मग जमिनीवर चारी बाजूंनी पसरती. ढग जवळ आलाय."

लखकन वीज चमकली. मास्तर मोजायला लागले. बारावर गडगडाट आला. "तीन सेकंदाला एक किलोमीटर. म्हणजे चार किलोमीटर. उठा."

"अजून थेंब न्हाई," दाजी बसूनच.

"वीज थेंबाची वाट बघत न्हाई. आणि त्या झाडाखाली जाऊ नका, दाजी, वीज झाडावर पडून शेजारच्या माणसावर उडी मारती. दरवर्षी देशात दोन हजारांवर माणसं जात्यात, त्यात झाडाखाली थांबलेली किती तरी असत्यात."

पुढची वीज आठवर, त्यापुढची पाचवर. तोवर आम्ही समोरच्या बँकेच्या पक्क्या इमारतीच्या जिन्यात शिरलो होतो, आणि मग जो कोसळला तो समोरचा कट्टा दिसेना. चार-दोन गारा पायरीवर टणटणल्या. बापूंचा चेहरा उतरलेला. एक कान दाबून ते शेडवर फोन लावत होते, तो लागला पाचव्यांदा.

"ओढला का कागद? ...काय? ...चांदण्या?"

फोन खिशात टाकून ते पावसाकडं बघत राहिले. मग मास्तरांना म्हणाले, "तासगावात ठिपका न्हाई. तुरळक म्हणजे आपणच निघालो की हो."