सोळा माणसांसाठी बोगदा

पावसाळा लागला की पालघरकडच्या कुठल्या तरी पाड्यावरचा व्हिडिओ येतोच. बाळंतपणाला निघालेली बाई, चादरीची झोळी, झोळीला बांबू आणि चिखलातून तो खांद्यावर पेलणारी माणसं. यंदा त्याखाली आमच्याच नात्यातल्या दादाने लिहिलं, ‘वीस घरांसाठी डोंगर फोडणं परवडत नाही. त्यांनीच खाली यावं.’

मी डेन्मार्कमध्ये राहते. जूनमध्ये फेरो बेटांवर गेले होते. उत्तर अटलांटिकमधली ही बेटं डेन्मार्कच्याच राज्यात मोडतात. तिथल्या वागार बेटाच्या पश्चिम टोकाला गासादालुर नावाचं गाव आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला उभा कडा आणि खाली समुद्र. होडी लावायलाही धड जागा नाही. कित्येक वर्षं पोस्टमन आठवड्यातून तीनदा चारशे मीटरची चढण चढून टपाल आणायचा. १८७३ पर्यंत गावात दफनभूमी नव्हती, त्यामुळे मयतही त्याच वाटेने शेजारच्या गावी न्यायचे. त्या वाटेवर एक दगड आहे. शवपेटी टेकवून दम खायची तेवढीच काय ती जागा. मी त्यावर हात ठेवला, ओला आणि गार होता.

२००२ मध्ये इथे सोळा माणसं राहत होती. २००४ मध्ये डोंगरातून बोगदा काढला, जवळजवळ दीड किलोमीटरचा. एकच गाडी जाईल एवढा.

आपल्याकडे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने २००० साली डोंगरी आणि आदिवासी भागात अडीचशे लोकवस्तीची अट घातली. त्या हिशेबाने गासादालुरला पायवाटच राहिली असती.

दादाचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. फेरोकडे मासळीचा पैसा आहे, शिवाय डेन्मार्क दरवर्षी अनुदान देतो, म्हणजे माझ्या कराचाही त्यात वाटा आहे. आपल्याकडे पाडे शेकड्याने आणि वनखात्याच्या परवानगीत वर्षं जातात. बोगदा झाला म्हणून गासादालुरची वस्ती वाढली असंही नाही. पण जी माणसं तिथे होती त्यांना डॉक्टरकडे जाता यावं, माझ्या मते एवढंच कारण पुरेसं आहे. ‘खाली या’ म्हणणाऱ्याने आधी हे सांगावं, की खाली त्यांना जमीन कोण देणार आहे?

माझ्या आजोळी, जव्हारजवळ, चढाच्या मध्यावर जांभळीखाली असाच एक सपाट दगड आहे. झोळी टेकवायचा. यंदाच्या पावसातही माणसं तिथे थांबली होती.