शेल होल्डरवरचा क्रमांक नेमका कोणाच्या सोयीसाठी असतो?

वापरलेली काडतुसे हाताने पुन्हा भरण्याच्या साधनांपैकी शेल होल्डर हा अंगठ्याच्या पेराएवढा पोलादी तुकडा असतो. त्याच्या खाचेत काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीची कड सरकवायची, हँड प्रेसचे दांडे दाबले की दट्ट्या वर जातो आणि पुंगळी डायमध्ये, म्हणजे तिला आकार देणाऱ्या साच्यात, शिरते, दांडे उघडले की हाच तुकडा तिला कडेला धरून बाहेर ओढतो. त्याचे काम एवढेच आहे, आणि ते तो चोख करतो. माझा संताप तुकड्यावर नाही, त्याच्यावर कोरलेल्या क्रमांकावर आहे, कारण हाताने काडतुसे भरणाऱ्या माणसाचा जितका वेळ, पैसा आणि मनःस्वास्थ्य या एका आकड्याने खाल्ले आहे तितके बाकीच्या सगळ्या साधनांनी मिळूनही खाल्ले नसेल.

थर्टी-ओ-सिक्स या रायफलच्या काडतुसाची पुंगळी घ्या. एका कंपनीच्या शेल होल्डरवर तिच्यासाठी १ हा क्रमांक असतो, दुसरीच्या २ आणि तिसरीच्या ३. थर्टी-एट स्पेशलसाठी कोणी १ म्हणतो, कोणी ६, कोणी १२. टू-टू-थ्री रेमिंग्टनचा तर कहरच आहे: ४, १०, १६ आणि २६ असे चार वेगवेगळे क्रमांक चार वेगवेगळ्या ठिकाणी तिच्याच नावे लावलेले आहेत. म्हणजे "१ क्रमांकाचा शेल होल्डर द्या" या वाक्याला कंपनीचे नाव जोडल्याशिवाय काहीही अर्थ नाही, आणि तुकडा डबीतून बाहेर काढून इतर चार तुकड्यांत मिसळला की बहुतेक वेळा त्याच्यावर कंपनीचे नावही धड वाचता येत नाही, फक्त तो आकडा तेवढा ठळक दिसतो.

"मोजून घ्या, त्यात काय एवढे?" असे ज्यांना वाटते त्यांनी पुढची गोष्ट लक्षात घ्यावी. थर्टी-एट स्पेशलची कड ०.४४० इंच व्यासाची असते आणि थर्टी-ओ-सिक्सची ०.४७३ इंच. फरक मिलिमीटरपेक्षाही कमी आहे. मोठी कड लहान खाचेत शिरतच नाही, त्यामुळे ती चूक तिथल्या तिथे कळते. लहान कड मात्र मोठ्या खाचेत शिरते आणि ढिली राहते. वरून पाहिले तर सगळे ठीक दिसते. पुंगळीला बोट लावले की ती डावीकडे-उजवीकडे हलते, केंद्रापासून केसभर सरकलेली असते, आणि अशा स्थितीत प्राइमर, म्हणजे आतली दारू पेटवणारी तळाची छोटी टोपी, बसवायला गेले तर तो खोबणीत सरळ न जाता एका कडेने तिरका घुसतो. प्राइमरमध्ये आघाताने पेटणारा पदार्थ असतो. तो तिरका चिरडला जाणे ही किरकोळ गैरसोय म्हणता येत नाही. आकडा "१" असाच होता, पुंगळीही "१"चीच होती, फक्त दोन्ही "१" वेगवेगळ्या घरचे होते.

या गोंधळाला तांत्रिक कारण आहे असे कोणी सांगू लागले तर त्यावर मुळीच विश्वास ठेवू नये. काडतुसांची मापे कधीच ठरून गेलेली आहेत. अमेरिकेत सामी ही संस्था १९२६ पासून आणि युरोपात सीआयपी तिच्याही आधी, १९१४ पासून आहे, आणि प्रत्येक काडतुसाच्या कडेचा व्यास, जाडी, खोबणीची खोली, एकूण लांबी हे सगळे त्यांच्या आराखड्यांत स्पष्ट दिलेले असते. इतकेच नव्हे तर ०.४७३ इंचांची ही कड गेली शंभर वर्षे अनेक काडतुसांनी एकमेकांकडून उचललेली आहे. १९०६ चे थर्टी-ओ-सिक्स, १९२५ चे टू-सेव्हंटी, १९५२ चे थ्री-ओ-एट, १९५५ चे टू-फोर्टी-थ्री या सगळ्यांची कड तीच आहे, आणि फोर्टी-फाइव्ह एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाची कडही तिच्या इतकी जवळ आहे की ते त्याच शेल होल्डरमध्ये भरले जाते. काडतुसे बनवणाऱ्यांनी एकमेकांशी इतके जुळवून घेतले, आणि त्यांची कड धरणारा तुकडा बनवणाऱ्यांना एक आकडा समान ठेवता आला नाही!

बरे, साधने बनवणाऱ्यांना एकमत करताच येत नाही असेही नाही. डायच्या आट्यांकडे पाहा. सात अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला १४ आटे हे माप जवळजवळ सर्वांनी स्वीकारलेले आहे, म्हणून एका कंपनीची डाय दुसरीच्या प्रेसमध्ये बिनतक्रार बसते. शेल होल्डरचा खालचा भाग, जो दट्ट्याच्या खोबणीत सरकतो, तोही समान आहे. पुंगळी ज्या पृष्ठावर टेकते त्याची उंचीसुद्धा ०.१२५ इंच अशी समान धरली जाते. म्हणजे ज्या गोष्टी पोलाद कापून बनवाव्या लागतात त्या सगळ्या जुळल्या. जुळला नाही तो फक्त आकडा, जो बदलायला एक साधा ठसा बदलण्यापलीकडे काहीही खर्च नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की तो मुद्दामच जुळवलेला नाही. ग्राहकाने एकदा एका घरचे क्रमांक पाठ केले की त्याने पुढचा प्रत्येक तुकडा त्याच घरातून घ्यावा, एवढाच त्यामागचा हेतू दिसतो.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण हातात धरून प्राइमर बसवण्याचे जे छोटे साधन असते, ज्यात अंगठ्याने दांडी दाबायची असते, त्यातल्या काहींना प्रेसचा शेल होल्डर चालतच नाही. त्यांचा वेगळा, पातळ शेल होल्डर असतो, आणि तो स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागतो. एकाच कंपनीचे, एकाच पुंगळीसाठीचे, जवळपास त्याच क्रमांकाचे दोन तुकडे, आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत! मी मागवलेल्या संचाच्या वेष्टनावर ही गोष्ट कुठेही लिहिलेली नव्हती. विक्रेत्याला विचारले तेव्हा त्याने "ती अॅक्सेसरी आहे, वेगळी घ्यावी लागते" असे इतक्या सहजपणे सांगितले की मी काही अवास्तव मागितले आहे की काय असेच कोणालाही वाटावे. ज्याच्याशिवाय साधन एकही पुंगळी धरू शकत नाही ती वस्तू जोडवस्तू कशी असू शकते? पेनाबरोबर निब वेगळी विकण्यासारखे हे आहे.

आणि हीच वृत्ती पुढे सगळीकडे पसरलेली आहे. वापरलेला प्राइमर बाहेर ढकलणारी पिन घ्या. बॉक्सर या प्रचलित पद्धतीच्या पुंगळीच्या तळाला मधोमध सुमारे २ मिलिमीटरचे एक छिद्र असते आणि पिन त्यासाठीच घडवलेली असते. पण लक्ष्यवेधाच्या काही उत्तम प्रतीच्या पुंगळ्यांना ते छिद्र १.५ मिलिमीटरचेच ठेवलेले असते, आणि बर्डन पद्धतीच्या पुंगळीत तर मधोमध छिद्रच नसते. तिथे ऐरण, म्हणजे जिच्यावर प्राइमर चिरडून पेटतो तो उंचवटा, पुंगळीचाच भाग असते आणि बाजूला दोन बारीक छिद्रे असतात. या दोन्ही पद्धती १८६६ पासून जगात आहेत. तेव्हापासून माहीत असलेली ही गोष्ट डायच्या पत्रकावर एका ओळीत लिहायला काय हरकत आहे? बहुतेक वेळा लिहिलेली नसते. हाताच्या साधनात दांडा हळूहळू दाबला जातो, त्यामुळे अडथळा आधी तळहाताला जाणवतो खरा. पण पिनेला बहुधा इतके कडक पाणी दिलेले असते की ती वाकत नाही, कट् असा आवाज होतो आणि टोक पुंगळीतच राहते. मग सुटी पिन शोधायची. ती मिळते, पण एका कंपनीची पिन डोक्याकडे जाड असते, दुसरीची सरळ सळई असते, तिसरीची दांडीसकट एकसंध असते, आणि पुन्हा काहीही कोणालाही बसत नाही.

डाय प्रेसमध्ये ठरलेल्या उंचीवर पक्की करणाऱ्या लॉक रिंगबद्दल फार बोलत नाही. आट्यांवर थेट रुतणारा स्क्रू देऊन डायचे आटे खराब करणारी रिंग आजही विकली जाते, आणि चांगली, चिमटीसारखी आवळणारी रिंग वेगळी घ्यावी लागते, आणि ती लावली की डाय मूळ डबीत मावत नाही. मानेच्या लांबीसाठी जे कटर मिळते त्याला मधोमध ठेवणारी दांडी, म्हणजे पायलट, वेगळा, त्याचा शेल होल्डर वेगळा, आणि कापल्यानंतर तोंडाच्या आतबाहेरचा कंगोरा काढण्याचे साधन वेगळे. थर्टी-ओ-सिक्सची पुंगळी २.४९४ इंचांपेक्षा लांब असता कामा नये हे प्रत्येक पुस्तिकेत बजावून सांगितलेले असते. ते मोजायचे व्हर्निअर कॅलिपर मात्र बहुतेक प्राथमिक संचांत नसते.

खरा राग मात्र मापचमच्याबद्दल आहे, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे. हाताच्या साध्या संचाबरोबर प्लास्टिकचा एक चिमुकला चमचा येतो. तो आकारमानाने मोजतो, वजनाने नाही. पावडरचे, म्हणजे काडतुसात भरायच्या दारूचे, माप मात्र जगभर ग्रेनमध्ये, म्हणजे वजनात दिले जाते; ७००० ग्रेनचा एक पौंड होतो. आकारमान आणि वजन यांना जोडणारा दुवा म्हणजे पावडरची घनता, आणि ती प्रत्येक पावडरची वेगळी असते, एकाच पावडरच्या दोन खेपांतही थोडी बदलते, आणि चमचा कसा भरला, वर सपाट केला की ढीग राहू दिला, आपटला की नुसता बुडवला, यावरही निघणारे वजन बदलते. संचातल्या पत्रकावर मोजक्या पावडरींची नावे असतात. आपल्याकडे असलेली पावडर त्यात नसेल तर तो चमचा निरुपयोगी आहे, आणि अंदाजाने वापरला तर धोकादायक आहे. हे ठळक अक्षरांत छापायला हवे. त्याऐवजी "सुरुवात करण्यासाठी लागणारे सर्व काही" अशी ओळ वेष्टनावर असते. सर्व काही नसते. तराजू नसतो. तराजू घेतला तर त्याच्या बरोबर तो खरा दाखवतो की नाही हे तपासायची प्रमाण वजने अनेकदा नसतात, तीही जोडवस्तूंच्या यादीत गेलेली असतात. ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत अचूक असल्याचा दावा करणारे उपकरण पडताळणीच्या वजनाशिवाय विकणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे, आणि त्याला दुसरा सौम्य शब्द वापरायची माझी तयारी नाही.

हे सगळे लिहिताना सर्वात जास्त खुपते ते हे की हाताच्या साधनांचा जन्मच नेमका उलट विचारातून झाला होता. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनला आयडियल कंपनी सुरू केली आणि सांडशीच्या आकाराची जी साधने बनवली, त्यांत प्राइमर काढणे, बसवणे, गोळी बसवणे ही कामे एकाच जोडीत होत, आणि अनेक नमुन्यांत गोळी ओतायचा साचाही त्याच दांड्यांवर असे. साधनावर काडतुसाचे नाव कोरलेले असे. नाव वाचावे, पुंगळी घ्यावी, कामाला लागावे. पुढे १९२५ मध्ये ती परंपरा लायमन कंपनीकडे गेली. अशा साधनाला टेबल लागत नाही, वीज लागत नाही, आणि प्राइमर तळाला टेकला की तो बोटांना समजतो, जे यंत्रावर कधीच समजत नाही. ज्यांनी कायदेशीर परवान्याने नेमबाजी करताना हे काम निवांतपणे, एकेक पुंगळी हातात घेऊन केले आहे त्यांना या साधनांवर इतका जीव का लावावासा वाटतो हे वेगळे सांगायला नको. तीच साधने आता एक दांडा आणि वर जोडवस्तूंची न संपणारी यादी अशी उरली आहेत.

एका उत्पादकाला मी हे सविस्तर लिहून कळवले होते. उत्तरात त्यांनी त्यांचा क्रमांकांचा तक्ता पाठवला, ज्यात इतर कंपन्यांच्या क्रमांकांशी तुलना करणारा एकही रकाना नव्हता. मी त्यांना परत लिहिले आहे की मला तक्ता नको आहे. शेल होल्डरच्या वरच्या पृष्ठावर पुरेशी जागा आहे. तिथे काडतुसाचे नाव आणि कडेचा व्यास कोरा, हातातल्या प्राइमर साधनाबरोबर त्याचा शेल होल्डर द्या, डायबरोबर दोन पिना आणि छिद्राच्या मापाची एक ओळ द्या, आणि तराजूबरोबर निदान एक प्रमाण वजन द्या. किंमत त्या मानाने वाढवायची असेल तर जरूर वाढवा, पण "संपूर्ण संच" हे शब्द वेष्टनावर छापायचे असतील तर आत संपूर्ण संचच असला पाहिजे. या पत्राला अजून उत्तर आलेले नाही, आणि ते येईपर्यंत त्यांच्या यादीतली एकही वस्तू मी विकत घेणार नाही.