युनिट जाळा, देश घडवा

देशासाठी आपणही काहीतरी करावं, असं तुम्हाला अधूनमधून वाटत असेल. पण सीमेवर जायचं वय गेलं, निवडणूक लढवायला पैसा नाही आणि मतदान नेमकं एप्रिलच्या उन्हात येतं. हरकत नाही. सोफ्यावर आडवे व्हा आणि एसीचा रिमोट शोधा. राष्ट्रउभारणीला तेवढं पुरतं.

तत्त्व साधं आहे. श्रीमंत देश वीज जास्त वापरतात, गरीब देश कमी. हे खरं आहे, कुठलाही तक्ता काढून बघा. आपल्याकडे दरडोई वार्षिक वापर २०१३-१४ मध्ये ९५७ युनिट होता, २०२३-२४ मध्ये तो १३९५ झाला. जगाची सरासरी तीन हजारांच्या वर आहे. म्हणजे विकसित व्हायला आपण अडलोय ते माणशी दीड-दोन हजार युनिटांपायी. एखाद्या घरानं मनावर घेतलं तर हे एका उन्हाळ्याचं काम.

हिशेब मांडून दाखवतो. दीड टनाचा जुना एसी तासाला दीड युनिट खातो. नागपूरच्या मे महिन्यात कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही, त्यामुळे धरा पूर्ण दीड. रोज दहा तास, असे नव्वद दिवस. झाले १३५० युनिट. कारखाने, रेल्वे, पंप, पथदिवे सगळं धरून एका भारतीयाच्या वाट्याला वर्षाला जेवढी वीज येते, जवळपास तेवढी तुम्ही चादर ओढून झोपेत संपवली. याहून सोपी देशसेवा मला तरी माहीत नाही.

कूलरवाल्यांशी मात्र मला जरा स्पष्ट बोलायचंय. होळी झाली की गच्चीवरून तो पत्र्याचा सांगाडा उतरवायचा, गंजलेल्या कडांना रंग फासायचा, नव्या ताट्या बसवायच्या, पंपाच्या नळीत अडकलेला कचरा तारेनं काढायचा आणि मग जूनपर्यंत ओल्या लाकडाच्या वासात झोपायचं. एवढा खटाटोप करून हे यंत्र खातं किती, तर दोनशे वॉटच्या आसपास. रात्रभरात दोन युनिट. इतक्या कंजूष यंत्रानं आजवर कुठला देश मोठा झालाय? तापमान सत्तेचाळीसच्या पुढे गेलेलं असताना जो माणूस दोन युनिटांत भागवतो, तो विकासाच्या आड येतो, असंच म्हणावं लागेल.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, हिंगण्याच्या एमआयडीसीत भट्टीवर नोकरी केलेले. त्यांना मी हा हिशेब ऐकवला. ते म्हणाले, "अरे, तेराशे युनिटांत आम्ही दोन टन लोखंड वितळवायचो." मी म्हटलं, "काका, पण झोप लागायची का?" तेव्हापासून ते माझ्याशी फारसं बोलत नाहीत.

थेट आदर्शच हवा असेल तर आइसलँडकडे बघा. तिथे दरडोई वापर पन्नास हजार युनिटांच्या वर आहे, म्हणजे तिथला माणूस तुमच्यापेक्षा पस्तीस पटींनी विकसित. आता कुणी खोडसाळपणे सांगेल की त्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे आणि तिथली दोन तृतीयांशाच्या आसपास वीज ॲल्युमिनियम गाळणाऱ्या मोजक्या कारखान्यांत जाते. तिथला माणूस घरी काही पस्तीस एसी लावून बसत नाही. अशा माणसांशी वाद घालू नका. सरासरी म्हणजे सरासरी. भट्टीची वीज घरातल्या म्हातारीच्या नावावरही चढते.

आणि ज्यांचं बिल मुळातच येत नाही, त्यांनीही मन खट्टू करू नये. दरडोई वापराचा आपला सरकारी आकडा काढायची रीत अशी की देशात तयार झालेली सगळी वीज, अधिक बाहेरून आलेली, भागिले लोकसंख्या. कुणाच्या मीटरवर किती पडली, हा प्रश्नच त्यात नाही. तारांमध्ये गरम होऊन गेलेली वीज, वीजकेंद्रानं स्वतःच्या पंख्यांवर आणि पंपांवर खाल्लेली वीज, रात्री खांबावर आकडा टाकून नेलेली वीज, सगळी तुमच्या-माझ्या दरडोईत जमा. आकडा टाकणारा भाऊ चोर असेल कायद्याच्या लेखी. सांख्यिकीत तो विकासपुरुषच.

या बाबतीत आपण नागपूरकर जरा जास्तच भाग्यवान. कोळसा आपल्या पायाखाली, उमरेड, कामठी, सावनेरकडे. कोळसा काढणाऱ्या वेकोलिचं, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सचं, मुख्यालय आपल्या गावात. आणि कोराडी, खापरखेडा, मौदा ही तीन केंद्रं मिळून क्षमता साडेपाच हजार मेगावॅटच्या वर. तिथल्या यंत्रांना पाणी लागतं म्हणून शहराचं सांडपाणी शुद्ध करून तिकडे पाठवतात. म्हणजे सकाळी तुम्ही फ्लश ओढलात तेव्हाच राष्ट्रउभारणीला हातभार लागला, एसी नंतर. वीज तारेवर चढली की मुंबई-पुण्याकडे जायला मोकळी. राखेला तारेवर चढता येत नाही, म्हणून ती इथेच राहते. उन्हाळ्यात कोराडीकडे गच्चीवर कुरडया वाळत घाला. संध्याकाळी बोट फिरवलं तर करडी रेघ उठते. २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याचा राखेचा बांध फुटला आणि शेतंही करडी झाली. मुंबईत वीज मोजली जाते, इथे थर. मोजमाप दोन्हीकडे चालू आहे, तक्रारीला जागा नाही.

आता थोडं क्षेत्रांविषयी, कारण बैठकीत कुणी 'सेक्टरनिहाय' म्हणालं तर तुम्हाला मान डोलवता आली पाहिजे. देशातली वीज ढोबळमानानं अशी वाटली जाते: उद्योगांना ४० टक्क्यांच्या थोडी वर, घरांना पाव हिस्सा, शेतीला १७-१८ टक्के, दुकानं, कचेऱ्या आणि मॉल यांच्या गटाला ८ टक्क्यांच्या आसपास, बाकीची रेल्वे वगैरे. आणि देशाचं उत्पन्न? त्यातलं निम्म्याहून जास्त सेवा क्षेत्रातून येतं, उद्योगांतून पावापेक्षा थोडं जास्त, शेतीतून १८ टक्क्यांच्या आसपास. थोडक्यात, दुकानं-कचेऱ्यांचा सगळ्यात कमी वीज खाणारा गट, म्हणजे सेवा क्षेत्र, सगळ्यात जास्त कमावतो. मिहानमधली, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीतली, पोरगी साठ वॉटच्या लॅपटॉपवर सातासमुद्रापलीकडच्या कंपनीचे हिशेब जुळवते आणि ते सगळं जीडीपीत पडतं. हे आपल्या सिद्धांताच्या प्रकृतीला बरं नाही, तेव्हा हा परिच्छेद भरभर वाचून टाका.

वाटल्यास एम्प्रेस मिलपाशी उभे राहा, म्हणजे ती जिथे होती तिथे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला ती सुरू केली. आज त्या जागेवर मॉल आहे. जिथून सूत निघायचं तिथून आता पॉपकॉर्न निघतात. जागेचं वीजबिल औद्योगिक दरातून वाणिज्यिक दरात गेलं, देशाची अर्थव्यवस्था एक पायरी वर चढली. गिरणीतून सुटलेली माणसं कुठल्या वर्गवारीत गेली, त्याला बिलावर रकाना नाही. मॉलमध्ये गारवा मात्र उत्तम असतो. दुपारी दोन ते पाच नुसतं फिरायला अवश्य जा.

उद्योग हे विकासाचं इंजिन, असं सगळे म्हणतात. इंजिनाला जपावं म्हणून आपण त्याच्याकडून वीजपुरवठ्याच्या सरासरी खर्चापेक्षा जास्त दर घेतो आणि त्यातून इतरांचा दर खाली ठेवतो. बुटीबोरीचा कारखानदार छत्तीसगडचा दर वाचून उसासे टाकतो. मग सरकारला दया आली आणि २०१६ पासून काही वर्षं विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना दरात सवलत मिळाली. आधी घ्यायचं, मग त्यातलं थोडं परत द्यायचं. दोन्ही वेळा फाईल फिरते, आणि फाईल फिरत असताना कचेरीतला पंखाही फिरतोच. वाढला ना वापर?

पण खरी कमाल बघायची तर काटोलकडे चला. तिकडे माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. पूर्वी विहिरीवर तीन एचपीची मोटर होती आणि बाग भिजत होती. विहीर आटली, बोअर मारला. तोही आटला, तेव्हा आणखी खोल मारला. आता साडेसात एचपीची मोटर लागते. झाडं तीच, संत्री तेवढीच, पाणी तर आधीपेक्षा कमीच. युनिट दुप्पट. नागपुरात बसून तक्ता वाचणाऱ्याला वाटेल, काय भरभराट झाली बघा शेतीची! जमिनीतलं पाणी जसजसं खाली जाईल तसतसा विकास वर येईल, ही गोष्ट एवढी सरळ असेल असं मलाही आधी वाटलं नव्हतं. शिवाय २०२४ पासून बळीराजा योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बिल नाही, ते सरकार भरतं. मामांना अडवणारं आता काही उरलं नाही. पाणी सोडून.

एकदा मी त्यांच्याकडे मुक्कामी होतो. शेतीची लाईन पाळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्या आठवड्यात रात्रपाळी होती. मध्यरात्र उलटून गेल्यावर मामा उठले, गमबूट चढवले, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. काठी सापासाठी, रानडुक्कर आलं तर देवाचं नाव. मी म्हटलं, "मामा, झोपायचं कधी?" तर म्हणाले, "दिवसा झोपा लागते भाऊ, लाईन रातची हाय ना." बांधावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांनी हिरवं बटन दाबलं. मोटर घुमली, पाईपानं दोन गुळण्या टाकल्या, पाणी धरलं आणि दहा मिनिटांत सगळं बंद. मामांनी डीपीच्या दिशेनं नुसतं बघितलं. "फ्यूज गेला असन. लाईनमन आता सकायी येईन." आम्ही परत आलो.

आता तुम्ही म्हणाल, त्या रात्री विकासाचं नुकसान झालं. मुळीच नाही. मामांच्या पंपाला मीटर नाही. मीटर नसलेल्या पंपांचा वापर एचपी आणि चाललेले तास धरून अंदाजानं काढतात, त्यामुळे त्या रात्री मामांच्या पंपानं कागदावर व्यवस्थित पाणी दिलं असणार. हा शेतीचा अंदाज इतका ऐसपैस असतो की वाटेतली गळतीही त्यात आरामात मावते. वीज नियामक आयोगानं हा आकडा कापलेला आहे, पण आयोगाच्या अशा वागण्यामुळेच आपला देश मागे राहतो.

नंतर चीनचे पंतप्रधान झालेले ली केकियांग २००७ मध्ये ल्याओनिंग प्रांतात पक्षप्रमुख होते. जीडीपीचे आकडे माणसांनी बनवलेले असतात, आपण विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांचं कर्ज बघतो, असं त्यांनी अमेरिकी राजदूतांना सांगितल्याचं पुढे उघड झालं. म्हणजे वीज खोटं बोलत नाही. त्यांना एकदा काटोलला आणायला हवं होतं.

राहता राहिला शंकेखोर पुतण्या, जो अर्थशास्त्रात एमए करतोय आणि लग्नात जेवताना विचारतो की काका, विजेमुळे विकास होतो की विकासामुळे वीज लागते? घाबरू नका. १९७८ मध्ये क्राफ्ट आणि क्राफ्ट या दोन संशोधकांनी अमेरिकेचे आकडे तपासून सांगितलं की उत्पन्न आधी, ऊर्जा मागाहून. त्यानंतर जगभरच्या अभ्यासकांनी एकेका देशावर तोच प्रयोग केला आणि चार प्रकारची उत्तरं आली: वीज आधी, उत्पन्न आधी, दोघं एकमेकांना ओढतात, आणि दोघांचा काही संबंध नाही. देश बदला, वर्षं बदला, घरगुती वीज घ्या की कारखान्याची, उत्तर बदलतं. तुम्हाला सोयीचं असेल ते सांगा आणि जिलेबी वाढायला घ्या.

फक्त एप्रिल २०२० चा विषय निघाला तर टाळा. टाळेबंदीत देशाची वीजमागणी जवळपास पाव हिश्शानं पडली आणि त्या तिमाहीत जीडीपीही तेवढाच पडला. आकडे इतके छान जुळले, की आपलं म्हणणं सिद्धच झालं असतं. पण तेव्हा आपण सगळे घरात बसून टीव्ही, पंखे, कूलर, एसी जोरात चालवत होतो. घरांचा वाटा उलट वाढला होता. बंद होती ती हिंगण्याची भट्टी. घराघरांतून एवढी देशसेवा सुरू असताना देश का घसरला, हे पुतण्यानं विचारलंच तर भट्टीवाल्या काकांकडे बोट दाखवा.

बिलाचं दुःख करू नका. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क, यातली प्रत्येक ओळ म्हणजे तुमचं योगदानच. शंभर युनिटांच्या पुढे दर उडी मारतो, तो तुमचा उत्साह बघून.

प्रश्न उरतो डिसेंबरचा. त्या दिवसांत नागपुरात एसी नको, पंखा नको आणि गिझर सकाळी वीस मिनिटं. दोन-तीन महिने अख्खं शहर अविकसित पडून राहतं. यावर माझ्याकडे उपाय आहे. एसी सोळावर लावा आणि त्याच खोलीत हीटरही पेटवा. दोघं रात्रभर भांडतील, खोलीचं तापमान होतं तिथेच राहील, तुम्हाला स्वेटरही लागणार नाही. मीटरवरचा लाल ठिपका तेवढा लुकलुकत राहिला पाहिजे. सोसायटीची वायर जुनी असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या.